पाचव्या वर्गाची शर्यत : टिप कशी ठरते, कशी वाचावी?

विशेष प्रतिनिधी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बीच्या दिवशी होणारी गर्दी आणि तेथील पोशाखांची छायाचित्रे यांना वर्तमानपत्रांत भरपूर जागा मिळते. परंतु रेसच्या नियमित पंटरचा पैसा वर्षभर डर्बीवर लागत नाही. तो लागतो चौथ्या आणि पाचव्या वर्गाच्या साध्या शर्यतींवर. या शर्यतींतील घोड्यांची नावे रेसकोर्सबाहेर कुणाला ठाऊक नसतात. मात्र दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचीच संख्या मोठी असते. जॅकपॉट फुटतो तोही बहुधा अशाच एखाद्या शर्यतीत. 'पक्की टिप' म्हणून जे काही कानोकानी फिरते, त्यातील बराचसा भागही याच शर्यतींविषयी असतो.

या शर्यतींचे भाकीत कोणत्या आधारावर केले जाते, त्यात शास्त्र किती आणि अंदाज किती, आणि योग्य भाकीत करूनही पंटरच्या हाती काय उरते, याचा हा परिचय.

वर्ग आणि वजन

मुंबई आणि पुणे येथील शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबतर्फे होतात. मुंबईचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल, तर पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असा असतो. येथील बहुसंख्य शर्यती सपाट धावपट्टीवरच्या आणि हँडिकॅप पद्धतीच्या असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून एक गुणांकन, म्हणजे रेटिंग, दिले जाते आणि त्यानुसार त्याचा वर्ग ठरतो. चौथ्या वर्गात साधारणतः २० ते ४६ गुणांकनाचे घोडे धावतात. पाचवा वर्ग त्याच्याही खालचा, म्हणजे सर्वांत तळाचा.

एका वर्गातील सर्व घोडे सारखेच नसतात. त्यांच्यातील फरक वजनाने भरून काढला जातो. भारतात गुणांकनातील एका अंकामागे अर्धा किलो वजन हा हिशेब आहे. दोन घोड्यांच्या गुणांकनात २० अंकांचा फरक असेल, तर वरच्या घोड्याच्या पाठीवर दहा किलो वजन अधिक येते. जॉकीचे स्वतःचे वजन कमी पडले, तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे केले जाते. सर्व घोड्यांनी अंतिम रेषा एकाच वेळी ओलांडावी, हे हँडिकॅपरचे आदर्श स्वप्न. या पद्धतीला शिस्त लावण्याचे श्रेय इंग्लंडच्या ॲडमिरल हेन्री राऊस यांना दिले जाते. १८५५ पासून तेथील अधिकृत हँडिकॅपर म्हणून त्यांनी काम पाहिले आणि वय व वजन यांचे कोष्टक घालून दिले.

भाकीत करणाऱ्याची अडचण येथूनच सुरू होते. ज्या शर्यतीची रचनाच 'कुणीही जिंकू शकेल' अशी केलेली आहे, त्या शर्यतीत एकाचे नाव घेऊन दाखवणे हे त्याचे काम असते.

तळाच्या वर्गात काय वेगळे?

वरच्या वर्गातील घोडा तेथे पोहोचतो, तोच मुळी सातत्यामुळे. तळाच्या वर्गातील घोडा तेथे असतो, कारण त्याच्याजवळ सातत्य नसते. या वर्गात ढोबळमानाने चार प्रकारचे घोडे दिसतात. पहिला, वय वाढल्यामुळे वरून घसरत आलेला. दुसरा, आयुष्यात एखादीच शर्यत जिंकलेला किंवा एकही न जिंकलेला. तिसरा, दुखापतीतून किंवा दीर्घ विश्रांतीतून परतलेला. चौथा, फारसा न धावलेला आणि म्हणून खरी कुवत अद्याप उघड न झालेला. टिप देणाऱ्याचे लक्ष बहुधा पहिल्या आणि चौथ्या प्रकारावर असते. कारण त्यांचे गुणांकन आणि त्यांची त्या दिवशीची प्रत्यक्ष ताकद यांत अंतर असण्याची शक्यता अधिक.

वर्गांच्या सीमा एकमेकींत थोड्या मिसळलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे. तिसरा वर्ग साधारणतः ४० पासून सुरू होतो आणि चौथा ४६ पर्यंत जातो. त्यामुळे ४४ गुणांकनाच्या घोड्यापुढे दोन मार्ग असतात : तिसऱ्या वर्गात हलक्या वजनाने बलवानांशी झुंजणे, किंवा चौथ्या वर्गात जड वजन घेऊन दुबळ्यांशी. ट्रेनरने यातील कोणता मार्ग निवडला, हा जाणकारांच्या दृष्टीने महत्त्वाचा संकेत असतो. सर्वाधिक वजन पाहून नवखा पंटर त्या घोड्याला बाजूला सारतो. वस्तुतः ते वजन म्हणजे, हा घोडा या कळपातील सर्वांत गुणवान आहे, असे हँडिकॅपरने दिलेले प्रमाणपत्र असते.

एक हिशेब

वजनाचा हिशेब कसा मांडतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. १२०० मीटरच्या शर्यतीत 'अ' या घोड्याने ५४ किलो वजन घेऊन 'ब' या घोड्याला दोन लेंग्थने हरवले. 'ब'च्या पाठीवर ५६ किलो होते. इतक्या अंतराच्या शर्यतीत एक लेंग्थ म्हणजे अंदाजे सव्वा किलो, असे धरण्याचा प्रघात आहे. अंतर वाढते तसा हा आकडा कमी होतो. मैलाच्या शर्यतीत तो किलोच्या आसपास येतो. म्हणजे 'अ' अडीच किलोंच्या फरकाने जिंकला, पण त्याला दोन किलोंची सूट होती. त्याचे खरे श्रेष्ठत्व उरले अर्ध्या किलोचे.

आता विजयाबद्दल हँडिकॅपरने 'अ'चे गुणांकन सहा अंकांनी वाढवले. पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर तीन किलो अधिक, म्हणजे ५७ किलो येतील. 'ब'चे ५६ कायम राहिले. 'अ'ला आता एक किलो जादा आहे आणि त्याचे श्रेष्ठत्व अर्ध्या किलोचे. कागदावर 'ब' अर्ध्या किलोने, म्हणजे अर्ध्या लेंग्थहूनही कमी अंतराने, पुढे असायला हवा. मागची शर्यत जिंकलेल्या 'अ'वर बहुतेकांचा पैसा लागेल आणि 'ब'चा भाव चांगला मिळेल. टिप देणारा 'ब'चे नाव लिहितो ते या कारणाने.

या हिशेबाची मर्यादाही येथेच दिसते. तळाच्या वर्गातील घोडा एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत दोन-तीन लेंग्थने सहज बदलतो. सुरुवातीला गेटमधून उशिरा निघणे, वळणावर बाहेरच्या बाजूला ढकलले जाणे, पुढे वाट न मिळणे, यांपैकी एकेका गोष्टीची किंमत अर्ध्या लेंग्थहून अधिक असते. दोन घोड्यांमधील फरकापेक्षा एकाच घोड्याच्या दोन दिवसांतील फरक मोठा, हे या शर्यतींचे मूळ लक्षण आहे. म्हणूनच, हा घोडा जिंकणारच, असे विधान येथे कुणीही प्रामाणिकपणे करू शकत नाही. फार तर, याची शक्यता चारात एक आहे, इतके म्हणता येते.

रेसबुकात काय पाहतात?

वजनाखेरीज जाणकार ज्या गोष्टी तपासतात, त्यांत अंतराचा क्रमांक वरचा. १००० मीटरला अखेरीस दमणारा घोडा १४०० मीटरला क्वचितच टिकतो. उलट १००० मीटरला शेवटच्या टप्प्यात वेगाने येऊन चौथा आलेला घोडा १४०० मीटरला वेगळाच दिसू शकतो. केवळ 'चौथा' हा आकडा पाहणाऱ्याला हे कळत नाही.

त्यानंतर धावपट्टीची अवस्था. जमीन किती मऊ आहे, हे पेनेट्रोमीटर या उपकरणाने मोजून जाहीर केले जाते. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात येतो, त्यामुळे तेथे हा आकडा विशेष महत्त्वाचा. मुंबईच्या कोरड्या जमिनीवर चमकलेला घोडा पुण्याच्या ओल्या हिरवळीवर फसतो आणि याच्या उलटही घडते. आतील कठडा सरकवून तात्पुरता लावला असेल, तर त्याचाही परिणाम जागांवर होतो.

तिसरी गोष्ट शर्यतीचा वेग. कार्यक्रमपत्रिकेतील घोड्यांपैकी पुढे राहून धावणारे किती, याची मोजणी करावी. असा एकच घोडा असेल, तर त्याला कुणी छेडत नाही आणि तो स्वतःच्या लयीत धावून शेवटपर्यंत पुढे राहू शकतो. असे तीन-चार असतील, तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचे फावते. गुणांकनात न दिसणारी ही बाब तळाच्या वर्गात अनेकदा निर्णायक ठरते.

जॉकी बदलला आहे काय, अप्रेंटिस जॉकीमुळे वजनात सवलत मिळाली आहे काय, घोड्याला प्रथमच ब्लिंकर लावले आहेत काय, मागील शर्यतीनंतर किती दिवस गेले, या नोंदीही पाहिल्या जातात. सकाळच्या सरावाच्या वेळा प्रसिद्ध होतात. '६०० मीटर, ४० सेकंद, सहज' अशी नोंद असेल, तर वेळेइतकाच शेवटचा शब्द महत्त्वाचा. तीच वेळ 'जोर लावून' काढली असेल, तर तिचा अर्थ निराळा. मात्र सरावात कोणत्या घोड्याने किती वजन वाहिले, हे वाचकाला दिसत नाही. म्हणून सरावाच्या वेळेला पूरक पुराव्याहून अधिक मान देऊ नये.

भाव हीच मोठी टिप

इतका अभ्यास केल्यावर जो निष्कर्ष निघतो, तो हजारो पंटरांनीही काढलेला असतो आणि त्याचे प्रतिबिंब भावात पडलेले असते. टोट पद्धतीत सर्वांचा पैसा एका साठ्यात जमा होतो, त्यातून ठराविक वजावट होते आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी रूढ केलेल्या पद्धतीचे हे रूप आहे. यात भाव कुणी एक व्यक्ती ठरवत नाही, जमाव ठरवतो.

जमावाचा अंदाज बराचसा बरोबर असतो. निरनिराळ्या देशांतील दीर्घकालीन नोंदींनुसार सर्वाधिक पसंतीचा घोडा, म्हणजे फेव्हरिट, साधारणतः तीनपैकी एक शर्यत जिंकतो. जमावाची एक चूक मात्र जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की, लोक मोठ्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात आणि कमी भावाच्या घोड्यांवर लायकीपेक्षा कमी. एकास वीस भावाचा घोडा मोहक दिसतो. पण तो वीसपैकी एकदाही जिंकत नाही.

हाँगकाँगमध्ये संगणकाच्या साहाय्याने शर्यतींचे गणित मांडणारे बिल बेंटर यांनी १९९४ मध्ये आपली पद्धत एका निबंधात मांडली. घोड्यांविषयीच्या अनेक घटकांवरून काढलेला स्वतःचा अंदाज आणि जमावाने ठरवलेला भाव, या दोहोंचा मेळ घातल्यावर जे उत्तर मिळते, ते दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा सरस असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्यासारख्या अभ्यासकालाही जमावाचे मत बाजूला ठेवता आले नाही, ही बाब बोलकी आहे.

टिप देणाऱ्याचे मोजमाप

'आमच्या शंभरपैकी चाळीस टिपा बरोबर आल्या', असा दावा ऐकू आला की वाचक प्रभावित होतो. पण हा आकडा अपुरा आहे. समजा, प्रत्येक टिपेवर १०० रुपये लावले आणि जिंकलेल्या चाळीस घोड्यांचा भाव एकास एक होता. लावले १० हजार, परत आले ८ हजार. दुसऱ्या टिपस्टरच्या शंभरपैकी वीसच टिपा बरोबर आल्या, पण भाव एकास पाच होता. लावले १० हजार, परत आले १२ हजार. अचूकतेत निम्मा असलेला दुसरा टिपस्टर पंटरच्या दृष्टीने सरस ठरला. म्हणून टिपेचे मोजमाप करताना किती आल्या, यासोबत कोणत्या भावाने आल्या आणि हिशेब किती शर्यतींचा आहे, हेही विचारावे. दहा-वीस शर्यतींवरून काहीच सिद्ध होत नाही.

यापुढची पायरी फसवणुकीची. मोबाइलवर येणारी 'आतली खबर' कशी बनते, हे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील कलाकार डेरेन ब्राउन यांनी २००८ मधील एका कार्यक्रमात उघड केले. सहा घोड्यांच्या शर्यतीसाठी ७,७७६ लोकांचे सहा गट करायचे आणि प्रत्येक गटाला वेगळ्या घोड्याचे नाव कळवायचे. एका गटाची टिप बरोबर येणारच. मग फक्त त्या १,२९६ लोकांना पुढच्या शर्यतीसाठी पुन्हा सहा नावे वाटायची. अशा पाच शर्यतींनंतर एकच व्यक्ती उरते, जिला सलग पाच विजेते आधी कळलेले असतात. तिच्या दृष्टीने टिप देणारा सर्वज्ञ ठरतो. उरलेल्या ७,७७५ लोकांचे अस्तित्व तिला ठाऊकच नसते. पहिल्या दोन टिपा फुकट देऊन तिसरीसाठी पैसे मागणाऱ्या संदेशांमागे हेच गणित असू शकते.

कायदा, कर आणि पंटर

अश्वशर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात दिला. महाराष्ट्रात १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्यानुसार परवाना मिळालेल्या रेसकोर्सवर टोट आणि परवानाधारक बुकमेकर यांच्यामार्फत पैसे लावता येतात. गल्लीतील विनापरवाना बुकीकडे लावलेला पैसा या संरक्षणात येत नाही. तेथे हरलेल्याचे नुकसान होते आणि जिंकलेल्याला दाद मागायला जागा नसते.

परंतु खेळ कौशल्याचा आहे याचा अर्थ कौशल्य असलेला पंटर नफ्यात राहतो, असा नव्हे. बुकमेकरच्या फळ्याचे उदाहरण घेऊ. सात घोड्यांचे भाव अनुक्रमे एकास दोन, तीन, चार, पाच, सात, नऊ आणि नऊ असे आहेत. या भावांतून निघणाऱ्या शक्यता ३३.३, २५, २०, १६.७, १२.५, १० आणि १० टक्के. त्यांची बेरीज १०० ऐवजी १२७.५ भरते. वरचे साडेसत्तावीस हे पंटरच्या विरुद्ध असलेले माप आहे.

त्यावर कर येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अश्वशर्यतीवरील डावाच्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. हिशेबासाठी हा कर डावाच्या वर धरला, तर १०० रुपयांच्या डावाला खिशातून १४० रुपये जातात. एकास दोन भावाने घोडा जिंकला तर ३०० रुपये परत मिळतात. करापूर्वी तीनपैकी एकदा जिंकल्यास बरोबरी साधत होती. आता त्यासाठी शंभरपैकी सुमारे ४७ वेळा जिंकावे लागते. फेव्हरिट जिंकतात ते शंभरपैकी तेहतिसाच्या आसपास. ही दरी भरून काढणारा अभ्यास तळाच्या वर्गाच्या शर्यतीत कुणालाही सातत्याने जमण्याजोगा नाही. जिंकलेल्या रकमेवरील ३० टक्के आयकर आणखी वेगळा.

वाचकाने काय करावे?

टिप वाचण्यात गैर काही नाही. चांगली टिप ही घोड्याच्या इतिहासाचे संक्षिप्त वाचन असते आणि शर्यत पाहण्याची गोडी तिने वाढते. मात्र टिपेसोबत कारण दिलेले आहे काय, हे पाहावे. वजन, अंतर, धावपट्टी, वेग यांपैकी कशाचाही उल्लेख न करता केवळ नाव सांगणारी टिप वाचनीय नसते. ती देणारा किती शर्यती सोडून देतो, हेही पाहावे. दिवसाच्या प्रत्येक शर्यतीत ज्याची खात्री असते, त्याची खात्री कोणत्याच शर्यतीत नसते. डावाचा पैसा तिकिटाच्या पैशासारखा, परत न येणारा म्हणून धरावा आणि त्याची मर्यादा घरून निघतानाच ठरवावी. हरलेली रक्कम शेवटच्या शर्यतीत भरून काढण्याच्या नादातच पंटर सर्वाधिक गमावतात. ती शेवटची शर्यतही बहुधा तळाच्या वर्गाचीच असते.

पैसे लावण्याची सवय आटोक्याबाहेर जात असेल, उसनवारी सुरू झाली असेल किंवा घरच्यांपासून हिशेब लपवावा लागत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळू शकते.